डिल्सियासाठी उकळलेलं पाणी

इंतिबुकाच्या डोंगरात बटाटा आणि धुकं सोडलं तर फारसं काही पिकत नाही, पण मिशनच्या मुली मात्र दरसाल न चुकता उगवतात. उंच, गोऱ्या, पाठीवर कपाटाएवढी बॅग आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाची काळजी. त्यांना इंटर्न म्हणतात. पगार नाही, सुट्टी नाही, पास्टर सांगेल ते काम करायचं, आणि वर ‘देवाची कृपा’ म्हणून हसायचं. त्या राहतात, जेवतात आणि आजारी पडतात ते एर्लिंदाच्या घरी.

यंदाची ब्रिटा होती, मिनेसोटाची. सकाळी गिटार घेऊन ओसरीत प्रार्थना म्हणायची. शेजारची कोंबडी तेवढ्यापुरती गप्प बसायची. मग ओटची लापशी पोटात ढकलून मिशनच्या बालभोजनालयात. तिथे पोरांचे हात धुवायचे, हातवारे करत गाणी म्हणायची, घमेल्यातले घेवडे वाढायचे, नाकं पुसायची. दुपारी पास्टरच्या मागे घरोघर. संध्याकाळी प्रार्थनेसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, आणि प्रार्थना संपली की त्याच रचायच्या. घरी आली की पायातले बूट काढायचंही त्राण नसायचं.

"लिंदाआई, आज मी देवाचं काय काम केलं?" एकदा तिने विचारलं.

"खुर्च्या उचलल्यास," एर्लिंदा म्हणाली. "देवाला बसायला खुर्ची लागतेच की."

मिशनचे नियम एर्लिंदाच्या हाडीमाशी खिळले होते. मुलीला वेगळी खोली, आतून कडी. पाणी उकळलेलं. तिखट नाही, कच्चं नाही, रस्त्यावरचं तर मुळीच नाही. बोलायचं सावकाश, मोठ्याने, छोट्या छोट्या वाक्यांत. पहिल्या काही मुली परत गेल्या तेव्हा ती ढसाढसा रडली होती. मग रडू येईनासं झालं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, तसं आत कुठेतरी झालं होतं. दुखत नव्हतं, म्हणून तिने कुणाला सांगितलंही नाही.

ती वेगळी खोली म्हणजे डिल्सियाची. एर्लिंदाची एकुलती एक मुलगी. ती स्पेनला म्हाताऱ्यांची सेवाशुश्रूषा करायला गेली आणि रिकाम्या खोलीला कडी बसवून एर्लिंदाने ती मिशनला दिली. ‘वर्षभरात येते’ म्हणालेली डिल्सिया नऊ वर्षं आली नाही. एर्लिंदाने देवाकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं.

आणि एके दिवशी फोन आला. "आई, मी सांभाळायचे ती म्हातारी वारली. महिनाभर येते. बरं वाटलं तर राहीनच म्हणते."

एर्लिंदाने फोन ठेवला आणि आनंद होण्याची वाट बघत उभी राहिली. तो काही आला नाही, तेव्हा तिने चुलीवर पाणी चढवलं.

डिल्सिया आली, जाडजूड, केस कापलेली, अंगाला परक्या साबणाचा वास. ब्रिटा लगेच म्हणाली, "मी स्वयंपाकघरात झोपते, खोली ताईला द्या."

"पास्टर मला सोलून काढतील," एर्लिंदा म्हणाली. "गुपचूप झोप जागेवर."

"राहू दे गं," डिल्सिया म्हणाली, "मी आईजवळ झोपते."

पहिल्या जेवणाला एर्लिंदाने लेकीपुढे बिनतिखटाची कोंबडी, पांढरा भात आणि उकळून गार केलेलं पाणी ठेवलं. शेजारी नीट काटाचमचा मांडला.

"भात," ती सावकाश, मोठ्याने म्हणाली. "आवडतो? पोट ठीक?"

"आई, मी बहिरी नाही झाले."

शेजारची तोन्या दारातच होती. ती हसून हसून खांबाला टेकली. "अगं लिंदे, पोटच्या पोरीला काय शिकवणी लावलीस?"

सगळ्या हसल्या, डिल्सियासुद्धा. मग ती हट्टाने चौकातल्या टपरीवर जाऊन मिरच्यांचं लोणचं घातलेली बालेआदा, घेवडे भरलेली मैद्याची पोळी, खाऊन आली, आणि रात्रभर परसाकडे पळाली. एर्लिंदाने मीठसाखरेचं पाणी पाजलं, कपाळावर ओला फडका ठेवला. सेवेत तिने कणभर कसूर केली नाही. असल्या आजारपणात तिचा हात कुणी धरला नसता.

बरी झाल्यावर डिल्सिया ब्रिटाबरोबर बालभोजनालयात जाऊ लागली. पोरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तू कुठल्या देशाची?" हे तिने घरी हसत सांगितलं. एर्लिंदाही हसली.

महिना सरत आला. एका सकाळी तिघी चुलीपाशी होत्या. एर्लिंदा भाकऱ्या थापत होती, ब्रिटा कोपऱ्यात बटाटे सोलत होती. डिल्सिया विस्तवाकडे बघत म्हणाली, "आई, मी परत गेलेच नाही तर?"

"शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना असंच वाटतं गं पोरी," एर्लिंदा म्हणाली. "विमानात बसलीस की जाईल."

भाकरी उलटून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. याच चुलीपाशी, याच दिवसांत, प्रत्येक मिशनवालीने तिला हे विचारलं होतं. पहिलीला उत्तर देताना ती रडवेली झाली होती. आता उत्तर तोंडात तयारच असायचं, आमेनसारखं.

"हो ना," डिल्सिया म्हणाली, आणि उठून आत गेली.

ब्रिटाने सुरी खाली ठेवली. "लिंदाआई, ती खरंच विचारत होती."

"कळलं मला."

"मग जा ना!"

एर्लिंदाने एप्रनला हात पुसले आणि दारात जाऊन उभी राहिली. डिल्सिया बॅग भरत होती. अशा वेळी आईने काय करावं हे एर्लिंदाला पक्कं ठाऊक होतं. गळ्यात पडावं, जाऊ नको म्हणावं. पण तसं काही आतून उसळून येईना. मग जे सुचलं ते ती बोलली.

"तुझी खोली परत घेते मी मिशनकडून. ब्रिटा गेली की नवीन कुणी नको म्हणून सांगते. तुझ्यासाठी."

डिल्सियाने वळून बघितलं. चेहऱ्यावर छान हसू होतं. "माझ्यासाठी एवढा त्रास नको घेऊस, आई. तुम्ही सगळ्यांनी खूप प्रेमाने ठेवून घेतलंत मला."

निरोपाच्या प्रार्थनेला, माइकवरून, मिशनच्या मुलींच्या तोंडून हे वाक्य एर्लिंदाने दरसाल ऐकलं होतं. कधी काही झालं नव्हतं. आज ते पोटात सुरीसारखं गेलं. इतकं दुखलं की तिला पलंगाचा काठ धरून बसावं लागलं.

डिल्सियाने शेवटचा स्वेटर घडी घालून बॅगेवर ठेवला. एर्लिंदाने तो उचलून मांडीवर घेतला.

"आई, दे ना. उशीर होतोय भरायला."

एर्लिंदाने स्वेटर दोन्ही हातांनी आवळून धरला आणि मान हलवली. डिल्सिया हात पुढे करून उभी राहिली. तरी एर्लिंदाने तो दिला नाही.