अठ्ठावन्न पौंडांची चिठ्ठी

टेनिस क्लबच्या मागच्या खोलीत रॅकेटला तारा लावणाऱ्या गृहस्थाला सगळे ‘विणकर’ म्हणत. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. बहुतेक खेळाडू आता बाजारातल्या दुकानातच तारा लावून घेत. विणकराकडे नेमाने येत ते एकटे हेडमास्तर. शाळा सुटून जमाना झाला, तरी त्यांचं हे नाव सुटलं नव्हतं. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ते खिडकीजवळच्या स्टुलावर बसत आणि काम होईपर्यंत साऱ्या जगाची खरडपट्टी काढत.

“किती ताण देऊ, सर?”

“दरवेळी काय विचारतोस? अठ्ठावन्न पौंड! पंचविशीत होता तोच. जाळी खणखणीत हवी, तुझ्या पँटसारखी ढगळ नको.”

विणकर हसे आणि यंत्राचा काटा सेहेचाळिसावर आणे.

बारा वर्षांपूर्वी हेडमास्तरांनी चहाचा कप डाव्या हाताने उचलला, तेव्हा त्याने पहिला पौंड कमी केला होता. घट्ट जाळीचा हादरा थेट कोपरात जातो. पण तसं सांगितलं असतं, तर त्यांनी खोली डोक्यावर घेतली असती. म्हणून दरवर्षी गुपचूप एक पौंड कमी. दांडीला चिकटवायच्या चिठ्ठीवर मात्र कायम ‘५८’.

यंदा हेडमास्तर महिनाभर पुतण्याकडे राहून आले. परतल्यावर त्यांनी रॅकेट टेबलावर ठेवली. कोपराला पट्टा होता.

“तिथे तार तुटली. दुकानदाराने अठ्ठावन्न लावले आणि दोन सेटमध्ये हात कामातून गेला. त्याला म्हटलं, तुझं यंत्र बिघडलंय. त्याने वजन टांगून दाखवलं. यंत्र ठीक आहे. मग तू काय लावतोस?”

तारेचा प्रकार वेगळा असेल, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. विणकराच्या तोंडून ते निघेना.

“सेहेचाळीस.”

“कधीपासून?”

“हळूहळू, सर. बारा वर्षं झाली.”

“आणि मी गावभर सांगत फिरतोय, या वयात अठ्ठावन्नाने खेळतो म्हणून!”

“मी कुणाला बोललो नाही.”

“तुला माहीत होतं ना? तू दरवेळी हसत होतास!”

रॅकेट उचलून ते निघून गेले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी विणकराने स्टूल पुसून ठेवलं. त्याच्या पुढच्याही महिन्यात पुसलं. तिसऱ्या महिन्यात सभासदांना सराव देणारा क्लबचा मार्कर ती रॅकेट घेऊन आला. सोबत हेडमास्तरांच्या रेखीव अक्षरातली चिठ्ठी होती: ‘४६ पौंड. नेमके.’

“स्वतः नाही आले?”

“बाहेर गाडीत बसलेत.”

“हात कसा आहे?”

“सर्व्हिस खालून करतात आता. वर जातच नाही हात.”

म्हणजे चव्वेचाळीस हवेत. विणकराने काटा चव्वेचाळिसावर आणला. टेबलावरच्या चिठ्ठीकडे पाहिलं. मग काटा पुन्हा सेहेचाळिसावर नेला.

“बसा ना, पाऊण तास लागेल,” त्याने स्टूल पुढे सरकवलं.

“नको, कोर्टवर लोक खोळंबलेत. नंतर येतो.”

एकेक तार ओढत त्याने जाळी पुरी केली, अंगठ्याने छेडून पाहिली आणि दांडीवर ‘४६’ची चिठ्ठी लावली. मार्कर येऊन रॅकेट घेऊन गेला. खिडकीतून गाडीचं नुसतं टप दिसत होतं. ते हलेपर्यंत विणकर उभा राहिला. मग त्याने स्टूल भिंतीकडे सरकवलं आणि त्यावर तारांची रिळं ठेवली.