शिशिरच्या शर्टांची गोधडी

सुनेत्राबाई उजागरेंची नाताळची भेट हातात पडली की माणूस आधी हसतो, मग "अय्या, किती सुंदर!" म्हणतो आणि मग ही आता ठेवायची कुठे या विचारात पडतो. टीव्हीच्या रिमोटला लोकरीचा अंगरखा, पाण्याच्या बाटलीला गोंड्याची टोपी, किटलीला स्वेटर. चंदीगडच्या मराठी मंडळींत असं एक घर सापडायचं नाही, जिथे बाईंच्या हातचं काहीतरी कपाटाच्या वरच्या फळीवर विसावलेलं नाही. बरं, नुसतं घेऊन भागत नाही. बाई जन्मभर इथल्या मोठ्या इस्पितळात वॉर्डच्या सिस्टर होत्या. कुणाकडे चहाला गेल्या तरी राउंड घेतल्यासारखी नजर खोलीभर फिरते, आणि आपली वस्तू दिसली नाही की "किटलीचा स्वेटर धुवायला टाकलाय वाटतं?" असं गोड आवाजात विचारतात. म्हणून बाई येणार म्हटलं की लोक धावपळ करून किटलीला स्वेटर चढवतात.

दुकानातून आणलेल्या भेटीवर त्यांचा भारी राग. "पैसे फेकले की झालं! त्यात आपलं काय असतं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नगरकडच्या ख्रिस्ती घरात त्या वाढल्या. तिथे नाताळ जवळ आला की आई करंज्यांच्या सारणाबरोबर सुईदोराही बाहेर काढायची आणि प्रत्येकाला काहीतरी शिवून द्यायची. हवाई दलातल्या शिशिर उजागरेंशी लग्न होऊन सुनेत्राबाई एवढ्या लांब आल्या, नोकरीला लागल्या, नवऱ्याच्या निवृत्तीनंतर सेक्टर चाळीसमध्ये घर झालं. माहेरचं बाकी सगळं हळूहळू सुटलं. करंज्या आणि सुईदोरा तेवढा राहिला.

गेल्या थंडीच्या शेवटी शिशिर गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. "मोठे शिस्तीचे होते हो," सगळे म्हणाले. चर्चमध्ये पाळकसाहेबही तेच म्हणाले. पांढऱ्या साडीतल्या बाईंनी मान डोलावली. उन्हाळ्यात मुलाला, रुपेशला, मुलगा झाला, अंशुमन. आजोबा आणि नातवाची थोडक्यात चुकामूक झाली, आणि ही गोष्ट बाईंच्या मनाला फार लागली. आजोबांनी नातवाला एकदा तरी कुशीत घ्यायला हवं होतं. नाही घेतलं, तर आता आपणच काहीतरी करायचं, असं त्यांनी ठरवलं. नातवाच्या पहिल्या नाताळला आजोबांच्या शर्टांची गोधडी.

दसरा सरला तसे त्यांनी कपाटातून शर्ट काढले. सगळे चौकड्यांचे. शिशिरना दुसरं काही आवडायचंच नाही. ज्या बाईंनी वॉर्डमध्ये आयुष्यभर चादरी उकळून घेतल्या, त्यांनी या शर्टांना साबण म्हणून लावला नाही. नुसते पाण्यातून काढले. शेव्हिंग क्रीम आणि तंबाखूचा तो मिसळलेला वास राहायला हवा होता. पोराला आजोबांची ओळख दुसरी कशानं होणार? आत आपल्या दोन मऊ झालेल्या सुती साड्या घातल्या, वर शर्टांची ठिगळं बसवली आणि धावदोरा घालायला घेतला. एका शर्टाचा खिसा तसाच ठेवला, पोराला पुढेमागे गोट्या ठेवायला. आणि अगदी मधोमध निळ्या चौकड्यांच्या शर्टाची एक अख्खी बाही, कफ आणि बटणासकट, आडवी टाचून दिली. आजोबांचा हात पोराच्या अंगावर. ही कल्पना सुचली तेव्हा बाई एकट्याच घरात रडल्या आणि मग स्वतःवरच खूश झाल्या.

सून हिमानी पिंजौरची. तिची आई एकदा बसनं सरसों का साग घेऊन आली, तेव्हा दिवाणावर ही गोधडी पसरलेली. हात फिरवून ती कौतुक करत होती. कपडा कुणाचा ते कळलं तसा तिनं हात मागे घेतला.

"दीदी जी, बुरा मत मानना," ती चाचरत म्हणाली, "गुज़रे हुए के कपड़े हमारे यहाँ बच्चे को नहीं ओढ़ाते. दान कर देते हैं."

"आपके यहाँ," सुनेत्राबाई म्हणाल्या. "हम लोग ये सब नहीं मानते."

त्या बिचारीनं सागाचा डबा पुढे केला. पण बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला तो झालाच. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून वसुधा भेटायला आली तेव्हा तिला त्यांनी हे सगळं साभिनय ऐकवलं. वसुधा म्हणजे कर्नल नरेंद्र यांची बायको, मूळची सातारची. बाईंना ताई म्हणायची आणि बाईंच्या भेटी खरोखर वापरणारी बहुधा ती एकटीच. दोघी गच्चीवर उन्हाला बसल्या होत्या. बाईंच्या मांडीवर गोधडी होती.

"आमच्याकडे आजीच्या लुगड्याचंच दुपटं करतात बाळाला," वसुधा म्हणाली. "पण ताई, ती माणसं वेगळी. नाही घेतली त्यांनी तर?"

"रुपेश आहे ना माझा! बापाच्या शर्टात पोराला नाही झोपवणार तो? बघच तू. नाताळच्या दिवशी माझा अंशू या गोधडीत गुंडाळून चर्चला येतो की नाही ते."

म्हणजे गोष्ट नुसती भेटीची राहिली नव्हती. पिंजौरच्या विहीणबाईंशी पैज लागली होती. विहीणबाईंना तिचा पत्ता नव्हता, ही गोष्ट वेगळी.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी बाई गोधडी घेऊन मोहालीला गेल्या. रुपेश नॉलेज सिटीत एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, घर तिथून जवळच. हिमानीनं गोधडी उलगडली आणि तिचे डोळे चमकले. "मम्मी जी, इतनी मेहनत! और ये पॉकेट, कितना क्यूट है!" तिच्या बोलण्यात खोट सापडते का ते बाईंनी नीट बघितलं. सापडली नाही, तशी त्यांची थोडी निराशाच झाली. रुपेश आतून आला. गोधडीजवळ येऊन त्यानं वाकून बघितलं आणि तसाच वाकलेला राहिला.

"वास घे," बाई म्हणाल्या. "अजून आहे. मी साबण लावलाच नाही."

तो सरळ झाला, "अच्छा है," म्हणाला आणि बाल्कनीत गेला. बापाच्या आठवणीनं पोराचं मन भरून आलं, असं समजून बाई तृप्त मनानं परत आल्या.

नाताळच्या सकाळी धुकं इतकं होतं की चर्चच्या फाटकातून आत येणारी माणसं अगदी जवळ येईपर्यंत ओळखू येत नव्हती. बाई पायऱ्यांवर उभ्या होत्या. रुपेशची गाडी आली, हिमानी उतरली, तिच्या कडेवर अंशुमन. तो दुकानातल्या पिवळ्या ब्लँकेटमध्ये होता आणि त्यावर अस्वलांची चित्रं होती.

पुढचं सगळं बाईंनी दातओठ खात ऐकलं. गाणी, उपदेश, शांतीचा आशीर्वाद, सगळं. लोक एकमेकांना नाताळच्या शुभेच्छा देत होते आणि बाईंच्या डोक्यात पिंजौरच्या बाईची कशी खरडपट्टी काढायची याची वाक्यं जुळत होती. मिरवायला नको होतं त्यांना. निदान त्यांना तरी तसंच वाटत होतं. त्यांचा माणूस जगातून गेला होता, आणि आता घरातूनही घालवायला निघाले होते हे लोक.

दुपारी नेहमीप्रमाणे सगळे सेक्टर चाळीसला आले. हिमानी अंशूला घेऊन बाहेर बसली. बाई स्वयंपाकघरात करंज्या ताटात काढत होत्या. रुपेश आत आला. त्याच्या हातात कापडी पिशवी होती, तोंडाशी गोधडीचा कोपरा दिसत होता.

"मम्मा, ये आप रख लो."

"तुझ्या सासूनं सांगितलं ना?" बाई जणू वाटच बघत होत्या. "मला ठाऊकच होतं! अडाणी बाई. आणि तू तिचं ऐकलंस? स्वतःच्या बापाचे कपडे तुला अपशकुनी वाटायला लागले?"

"उनको तो पता भी नहीं है," रुपेश म्हणाला. "हिमानी ने रात को अंशू को ओढ़ा भी दी थी. मैंने हटाई."

बाईंच्या हातातली करंजी हातातच राहिली.

"आपने वो बाँह लगाई है बीच में. नीली वाली." तो खाली बघत बोलत होता, अगदी हळू, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "पापा मारने से पहले बाँहें मोड़ते थे. जल्दी में नहीं. आराम से, एक-एक तह. मैं खड़ा देखता रहता था. एक हो गई, अब दूसरी. और यही स्मेल, मम्मा. रात को वो स्मेल आई और मैं..." त्यानं पिशवी ओट्यावर ठेवली. "मेरा बच्चा उस हाथ के नीचे नहीं सोएगा."

"शिस्त होती ती," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की ते आपोआपच बाहेर पडलं. "तेव्हा सगळेच बाप तसे होते. म्हणून तर शिकलास, एवढा मोठा झालास."

रुपेशनं वर बघितलं. आणि मग, लहानपणापासून ज्यानं आईच्या मराठीला हिंदीतच उत्तर दिलं होतं, तो अडखळत मराठीत बोलला.

"तू आत बसून विणायचीस, आई. दार लावून. सकाळी मला नवीन काहीतरी मिळायचं. मोजे, नाहीतर टोपी. लोक म्हणायचे, किती लाड करते."

बाईंनी हातातली करंजी ताटात ठेवली. त्या विणायच्या हे खरं होतं. टाके मोठ्यानं मोजायच्या, म्हणजे पलीकडचं ऐकू येत नाही. सकाळी पोराच्या पाठीला मलम लावायच्या, कपाळाला पट्टी बांधायच्या, आणि सिस्टरच्या हातची पट्टी ती, इतकी सफाईदार असायची की शाळेतल्या टीचरही वाखाणायच्या. "जिन्यात पडलो म्हणून सांग हं," असं दप्तर देताना बजावायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेजारी नाही कळलं, चर्चमध्ये नाही कळलं, नगरला तर नाहीच नाही. त्यातून शिशिर त्यांच्यावर कधी हात उगारत नसत, आणि या गोष्टीचं बाईंना तेव्हा, देवा, बरं वाटायचं. हे त्यांनी कधी प्रार्थनेतसुद्धा कबूल केलं नव्हतं. जो माणूस गेल्यावर त्यांनी मनात दिवा लावून देव्हाऱ्यात बसवला, तो त्यांनी एकेक टाका घालून स्वतःच तयार केला होता. पोराला तो ओळखूही येत नव्हता. पोराला मूळचा आठवत होता.

माफीचा शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता. रुपेशही तिथेच उभा होता, गेला नव्हता. वाटच बघत होता म्हणायला हरकत नाही. इतक्यात दाराची बेल वाजली, बाहेरून नरेंद्रांचा खणखणीत "मेरी ख्रिसमस!" ऐकू आला, आणि बाईंना केवढं हायसं वाटलं! त्यांनी पिशवी ओट्याखाली सरकवली, पदर सावरला, करंज्यांचं ताट उचललं आणि हसतमुखानं बाहेर आल्या. मागोमाग रुपेश आला.

खुर्च्यांची हलवाहलव झाली, अंशूला या मांडीवरून त्या मांडीवर फिरवून झालं. वसुधानं ते अस्वलांचं ब्लँकेट चाचपलं आणि तिच्या लक्षात आलं.

"ताई, गोधडी कुठाय हो? दाखवा की यांना. मी वाटभर कौतुक करत आलेय."

खोलीत सगळ्यांची तोंडं बाईंकडे वळली. "झाली नाही अजून," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. "वास येत होता, धुवायला टाकली," असंही चाललं असतं. पण बाईंना सवय होती ती एकाच रस्त्याची.

"काय दाखवू गं," त्या मराठीत म्हणाल्या आणि उसासा टाकला. "त्यांच्याकडे चालत नाही ना, मेलेल्या माणसाचे कपडे. परत आली."

"तरी मी म्हणत होते," वसुधा हळहळली. तिनं हिमानीकडे असं बघितलं, की पाहणाऱ्याला भाषा येण्याची गरज नव्हती. नरेंद्रही घसा खाकरून करंजीकडे वळले. हिमानीला एवढ्या बोलण्यातला गोधडी हा शब्द तेवढा कळला. ती मोठ्या अभिमानानं म्हणाली, "बहुत सुंदर बनाई है मम्मी जी ने." वसुधानं चहाचा कप उचलला.

रुपेशला शब्दन् शब्द कळला होता. तो बायकोच्या खुर्चीमागे उभा होता. त्यानं तोंड उघडलं. सुनेत्राबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं ते मिटलं. तो बोलणार नाही याची त्यांना खात्रीच होती. चारचौघांत बापाबद्दल गप्प कसं बसायचं, हे त्यांनीच तर त्याला शिकवलं होतं.