कडले आणि कडलेकाई

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. कुणी विचारलं नाही, त्यामुळे टाळणं सोपंच होतं.

निवृत्तीनंतर मी पुतण्याच्या आनेकलच्या चटणीपुडीच्या, म्हणजे कोरड्या चटणीच्या, कारखान्यात लेबलांचं काम बघायचो. इंग्रजी मजकूर कायद्याला पुरत होता. कन्नडही हवं, हा माझा हट्ट.

"काका, कुणी मागितलंय?" पुतण्या म्हणायचा.

"इथल्यांच्या घरात जातं ना ते? मग त्यांना वाचता यायला नको?"

चटणीत शेंगदाणे होते. शेंगदाण्याला कन्नडमध्ये कडलेकाई म्हणतात. नुसतं कडले म्हणजे हरभरा. छापणाऱ्याचा फोन आला, "सर, ओळ मावत नाही. 'काई' खाली उतरतंय."

"काढून टाका," मी म्हणालो. "कळतं सगळ्यांना."

आमच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या इथे गेल्या. मला फरक ठाऊक नव्हता असं नाही.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या अक्कांना मीच एक पाकीट दिलं. त्यांच्या नातीला शेंगदाणा चालत नसे. देताना ते माझ्या डोक्यातही आलं नाही. अक्का पन्नाशीनंतर कन्नड वाचायला शिकल्या होत्या, बसच्या पाट्यांवरून. प्रत्येक पाकिटावर बोट फिरवून वाचायच्या. बायको चिडवायची, "अक्का, परीक्षा आहे का?"

"आहे की. रोजच."

तेही पाकीट त्यांनी वाचलं. संध्याकाळी नातीचा घसा सुजला, श्वास अडकू लागला. दोन दिवस ती इस्पितळात होती. वाचली.

आठवड्यानं अक्का रिकामं पाकीट घेऊन आल्या. "अण्णा, इथं कडलेच लिहिलंय ना?"

"खाली इंग्रजीत शेंगदाणे लिहिलेत, अक्का."

ते खरं होतं.

"इंग्रजी कुठलं मला," त्या म्हणाल्या. "स्वल्प अक्षरं आली म्हणून मिरवत होते."

पुढच्या छपाईत मी अक्षरं बारीक करून 'काई' घातलं. पुतण्यालाही कारण सांगितलं नाही. अक्कांनी मात्र पाकिटं वाचणं सोडलं. बिस्किटं असोत की पीठ, बायकोसमोर धरायच्या, "तुम्हीच बघा." मी पेपर तोंडासमोर धरून बसायचो.

पुढे अक्का आपल्या मुलाकडे देवनहळ्ळीला राहायला गेल्या. दोनदा मी तिकडची बस धरली, दोनदा मध्येच उतरलो. यंदा त्या वारल्याचा निरोप आला.

सांगायचं होतं ते एवढंच. अक्का, चुकीचं मी लिहिलं होतं. तुम्ही बरोबर वाचलं होतंत.