पाच ओळींची कोरी जागा

कोल्हापूरच्या कोर्टाबाहेर टाईपरायटर मांडून बसणारे सात-आठजण होते, पण वकिलांची रांग असायची ती शिवगंगाक्काकडं. गडहिंग्लजकडची बाई, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि कामात भलती कडक. तिची एक खोड होती. मूळ कागदाचं पान ज्या शब्दावर संपेल, त्याच शब्दावर तिच्या नकलेचं पान संपायचं. वकिलानं आणि साहेबांनी एकाच वेळी तेच पान उलटलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. त्यासाठी ती आधी ओळी मोजायची. बाकीचे टायपिस्ट हसायचे. हसेनात का बापडे. त्याच खोडीनं एका माणसाला घरी आणलं.

सत्त्याण्णव साल होतं. पेठ वडगावात भरदुपारी एक गुळाचं गोदाम जळालं आणि पोलिसांनी मुरगूडच्या गुंडूला उचललं. गुंडू टेम्पोवाला. आदल्या दिवशी गोदामाच्या मालकाशी त्याची बाचाबाची झाली होती, तेवढं पुरलं. तीन महिने तो कळंब्याच्या तुरुंगात होता. दोषारोपपत्र आलं तसं कायद्याप्रमाणं साक्षीदारांच्या जबाबांच्या झेरॉक्स मिळाल्या. त्या इतक्या पुसट, की गुंडूच्या वकिलांनी, बाळासोंनी, त्या टाईप करायला शिवगंगाक्कापुढं आणून टाकल्या.

गोदामाचा वॉचमन कृष्णात, त्याच्या जबाबाच्या तिसऱ्या पानावर तिचा हात थांबला. लिहिणाऱ्या हवालदाराच्या दर पानात सव्वीस ओळी बसत होत्या, इथं एकवीसच. वर लिहिलं होतं, 'शेजारची बाई मला म्हणाली की'. मग कोरी जागा. आणि खाली एकदम, 'एवढं सांगून ती घरात गेली'. त्या ओळींवर कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढलेली. कडेची बारीक रेघसुद्धा उमटली होती.

तिनं बाळासोंना हाक मारली. "वकीलसाहेब, बाई काय म्हणाली ते कुठं हाय?"

बाळासोंनी त्याच दिवशी अर्ज दिला. पोलिसांनी आधी झेरॉक्सच्या मशीनवर ढकललं, मग म्हणाले, त्या बाईच्या जिवाला धोका आहे. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मूळ कागद मागवून स्वतः वाचला. झाकायचंच होतं तर तसं लेखी मागायचं होतं, असं त्यांनी पोलिसांना सुनावलं. पण धोका खरा दिसत होता. म्हणून हुकूम झाला: बाईचं नाव झाकलेलं राहील, ती काय म्हणाली ते आरोपीला मिळेल.

नेमका कोर्टाचा टायपिस्ट रजेवर. शिरस्तेदारांनी शिवगंगाक्काचं नाव सुचवलं, तर पोलिसांनी हरकत घेतली. बाहेर बसणारी बाई, चहाच्या गाड्यावर बोलून बसेल. शिरस्तेदार शांतपणे म्हणाले, "साहेब, अठरा वर्षं बघतोय. या बाईकडनं एक अक्षर बाहेर गेलेलं नाही."

असं भर कोर्टात तिच्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं. डोळे भरून आले, पण पदर न लावता तिनं टाईपरायटर उचलून आत नेला. मालकाचाच पुतण्या रॉकेलचा डबा घेऊन मागच्या दारानं आत शिरला, त्याच्या आधीच गुंडूचा टेम्पो गावाबाहेर पडला होता, असं ती शेजारची बाई म्हणाली होती. शिवगंगाक्कानं ते सगळं टाईप केलं. मूळ कागदावर बाईचं नाव आणि बाजारातला धंदा लिहिला होता, त्या जागी टिंबं दिली. पान बरोबर सव्विसाव्या ओळीला संपलं.

त्या पाच ओळींवर गुंडूला जामीन मिळाला. तपास फिरला आणि पुढं त्याचं नावही खटल्यातून गेलं.

मग त्याची आई तानाबाई खण-नारळ घेऊन शिवगंगाक्कापुढं येऊन बसली. जिच्या शब्दानं लेक सुटला तिची ओटी भरायची होती तिला. "आक्का, नाव तेवढं सांगा की."

"जे टाईप केलं न्हाय, ते मला ठावं न्हाय."

तानाबाई ओटी टाईपरायटरशेजारी ठेवून निघून गेली. शिवगंगाक्काला ती घरी नेववेना.

सोमवारी वडगावचा बाजार. अठरा वर्षांत पहिल्यांदा कामाला दांडी मारून ती ताठ मानेनं एसटीत बसली. गर्दीत मिरच्या विकणाऱ्या एका बाईपुढं वाकून तिनं पावशेर मिरच्या घेतल्या आणि खण-नारळ अलगद तिच्या पदरात घातला. बाई गोंधळून बघत राहिली. कुणी दिलं, कशाबद्दल, काहीच न सांगता शिवगंगाक्का एवढंच म्हणाली, "लेकरू घरी आलं."