जाळी त्याच्याकडं, दोरी माझ्याकडं

१९८१ साल, आणि मी एकतीस वर्षांचा. त्या वर्षी मुंजाजी फौजीनं ताडकळसच्या बाजारतळावर, चार गावच्या माणसांसमोर, माझ्यावर पहिल्यांदा शिट्टी वाजवली. आणि आता दीड महिन्यापूर्वी, एका दुपारी माझा जुना खेळगडी बळीराम काठी टेकत माझ्या दारात आला, ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "माणिक, फौजी गेला रे." मी म्हणालो, "कुठं?" ...इतका अडाणी प्रश्न मी उभ्या जन्मात कुणाला विचारला नसंल. माझी नजर आपोआप भिंतीवरच्या खुंटीकडं गेली. तिथं गाठी मारलेली एक दोरी टांगलेली आहे. चाळीस वर्षं उलटून गेली, घराला तीनदा रंग दिला, पण ती खुंटी मी हलवू दिली नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. चौथीचेही शेवटचे दोन महिने शाळेत गेलो नाही, कारण मास्तरांनी माझी बसायची जागा बदलली होती. नातू म्हणाला, आजोबा तुमी सांगा, मी लिहितो. मी म्हणालो, माणूस माझा गेलाय, मीच लिहीन. तेव्हा अक्षर-काना चुकला तर वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

मुंजाजी आमच्याच गावचा, बौद्धवाड्यातला, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. अठराव्या वर्षी फौजेत गेला आणि एक्क्याऐंशीत पेन्शन घेऊन परत आला. ट्रंकेत एक व्हॉलीबॉलची जाळी, एक शिट्टी आणि नियमांचं एक पातळ मराठी पुस्तक. तो आला तेव्हा गाव धड नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून दोन-तीन वर्षांपूर्वी जे झालं ते आमच्याकडंही पोचलं होतं. आमच्या गावात घर जळालं नाही, पण बोलणं जळालं. त्याच्याआधी शाळेमागच्या पटांगणात दोन्हीकडची पोरं मिळून चेंडू खेळायची. नंतर त्यांनी विहाराच्या मागं खेळावं, आम्ही शाळेच्या मागं. जाळी कुणाकडंच नव्हती, आम्ही बैलाचा कासरा बांधून खेळायचो.

आणि खेळायचो कसं? जो पुढं तो कायम पुढं, जो मागं तो कायम मागं. मी सहा फुटाचा, म्हणून कासऱ्यापाशी मधोमध माझी जागा. ती माझ्या आधी माझ्या चुलत्याची होती. सर्व्हिस टाकायची ती फक्त बळीरामनं. मागच्या तिघांनी चेंडू उचलायचा, मी हाणायचा. वावरात जशी ज्याची पात ठरलेली, तसं आम्हाला ते वाटायचं. जागा बदलायची असते हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

त्या साली पहिल्यांदा आम्ही ताडकळसच्या सामन्यांत नाव दिलं. मैदानावर जाऊन बघतो तर उंच स्टुलावर, पांढरा सदरा घालून, पंच म्हणून मुंजाजी. आम्हाला आनंदच झाला. बळीराम म्हणाला, "घरचाच हाय, काळजी न्हाई." सामना सुरू झाला. पहिली सर्व्हिस त्यांची होती, मी ती हाणून पाडली. आता सर्व्हिस आमची. बळीरामनं चेंडू उचलला, मारला आणि शिट्टी. मुंजाजी म्हणाला, "फिरले न्हाई तुमी. सर्व्हिस मिळाली की सगळ्यांनी एक-एक जागा सरकायचं. मग उजव्या कोपऱ्यात येईल त्यानं मारायचं." मी जाळीपासून ओरडलो, "आमच्यात बळीरामच मारतो!"

"गावात मारू द्या. ह्या पट्ट्याच्या आत न्हाई."

"मी माझी जागा सोडणार न्हाई."

"नका सोडू," तो शांतपणे म्हणाला आणि हातानं सर्व्हिस पलीकडं दिली.

त्या काळी ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉईंट मिळायचा. आम्ही मेहनतीनं सर्व्हिस मिळवायची, बळीरामनं मारायची, शिट्टी व्हायची, सर्व्हिस परत त्यांच्याकडं. पंधरा-शून्य. दुसरा डाव, पंधरा-शून्य. बाजारातली माणसं हसून लोळायली होती. एक जण म्हणाला, "अरे, ह्यांचे पाय पेरलेत का काय?" परत येताना गाडीत आमची पोरं बोलायला लागली, मुद्दाम केलं त्यानं, सूड उगवला. कोण कशाचा सूड म्हणत होतं ते सगळ्यांना कळत होतं. मीही म्हणालो... सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणालो.

आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. मग एका सकाळी मी सरळ बौद्धवाड्यात गेलो, त्याच्या अंगणात उभा राहिलो आणि म्हणालो, "कुठं लिहिलंय ते दाखव." मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला अहो-जाहो. तेव्हा तसंच होतं. त्यानं बाज टाकली आणि पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. बारीक अक्षरं, जोडाक्षरांचा चिखल. मी दोन ओळी बोट लावून बघितल्या आणि म्हणालो, "चष्मा घरी राह्यला." माझ्याकडं चष्मा नव्हताच. त्याला ते कळलं. त्यानं हसू दाबलंसुद्धा नाही, कारण त्याला हसूच आलं नव्हतं. आत बघून म्हणाला, "गया, चहा टाक. आन् कप सगळे आण."

घरात चार कप होते. त्याच्या बायकोनं, गयाबाईनं, वर दोन पेले आणले. चहा त्यानं एकाच कपात ओतला. बाजेवर तीन पुढं, तीन मागं अशी सहा भांडी मांडली आणि भरलेला कप पुढच्या ओळीत मधोमध ठेवला. "हे तुमी, माणिकराव. आता सर्व्हिस आपल्याला मिळाली. सरका." सगळी भांडी घड्याळाच्या काट्यासारखी एक घर सरकली. माझा कप पुढं उजवीकडं गेला. "परत मिळाली. सरका." कप मागच्या उजव्या कोपऱ्यात. "आता सर्व्हिस तुमची." मग कप मागच्या ओळीतून फिरत-फिरत परत जाळीपाशी आला. "बगा, तुमची जागा कुणी घेतली न्हाई. फकस्त एकदा सगळीकडून जाऊन यायचं." मी त्या कपाकडं बघत बसलो. गयाबाई दारात उभी होती. त्या दिवसांत आमच्या आळीतला माणूस तिथला चहा घ्यायचा नाही, हे तिलाही माहीत होतं, मलाही. मुंजाजी म्हणाला, "गार व्हायलाय." ...मी उचलला आणि प्यालो. गुळाचा होता, आलं घातलेला.

मग मी खरं ते बोललो, जे बळीरामलाही कधी सांगितलं नव्हतं. "फौजी, तुमी म्हणता ते पटलं. पण मला सर्व्हिस येत न्हाई. कोपऱ्यात उभं राह्यलो की लोकांत हसं होईल." सहा फुटाचा माणूस, चेंडू हाणायला वाघ, पण नऊ मीटरवरून एकट्यानं चेंडू उचलून मारायचा म्हटलं की माझा हात लाकूड व्हायचा. जागा सोडत नव्हतो त्याचं मूळ ते होतं. मुंजाजी म्हणाला, "उद्या दिवस उगवायला शाळेमागं या."

महिनाभर आम्ही दोघंच. शाळेच्या भिंतीवर त्यानं कोळशानं जाळीच्या उंचीची रेघ ओढली. म्हणाला, खालून मारा. मी म्हणालो, "खालून पोरी मारतात." तो म्हणाला, "नियमात खालून-वरून न्हाई. पलीकडं गेला पाह्यजे, बास." आणि एक गोष्ट त्यानं घोटून घेतली. मी चेंडू हातात आला की घाईनं मारून मोकळा व्हायचो. तो दरवेळी थांबवायचा. "शिट्टी झाल्याबिगर मारायचा न्हाई. तवर चेंडू हातात धरून उभं राहायचं. लोक बगतेत तर बगू द्या." हात त्या महिन्यात वळलाच, पण नुसतं उभं राहायला मला जास्त दिवस लागले.

पुढच्या वर्षी संघ झाला तो दोन्ही आळ्यांतून, ज्याला येतं तो. आमच्यातले काही जण कुरकुरले, तर मी म्हणालो, पंधरा-शून्य परत पाह्यजे का? मैदान आखायला मुंजाजीनं एक दोरी केली, तीन-तीन मीटरवर गाठ. नऊ मीटर रुंद, अठरा लांब, मधे जाळी. पहिल्या दिवशी खेळ संपल्यावर त्यानं जाळी गुंडाळून खांद्यावर टाकली आणि दोरी माझ्या हातात दिली. "ही तुमच्याकडं राहू द्या." मी म्हणालो, दोन्ही एका जागी ठेवा की, सोयीचं पडंल. तो म्हणाला, "सोय कशाला पाह्यजे?" मला तेव्हा कळलं नाही. पुढं कितीदा तरी गावात कशावरून तरी तणाव झाला, आणि दरवेळी खेळायचं म्हटलं की दोरी घेऊन मला त्यांच्याकडं जावं लागायचं, नाहीतर जाळी घेऊन त्याला आमच्याकडं यावं लागायचं. चौऱ्याण्णव साली विद्यापीठाचं नामांतर झालं, तेव्हा आमच्या आळीतले बरेच जण घरात बसले. मी संध्याकाळी दोरी काढली. बायको म्हणाली, "आज कशाला?" मी म्हणालो, "आजच." त्या दिवशी मुंजाजीनं माझ्या तोंडात पेढा घातला आणि लगेच म्हणाला, "चला, उजेड हाय तवर आखू."

पण ब्याऐंशीचं सांगायचं राहिलं. ताडकळस, तेच मैदान, स्टुलावर तोच. तिसऱ्या डावात आम्ही चौदा, ते तेरा. सर्व्हिस मिळाली, सगळे सरकले, आणि उजव्या कोपऱ्यात आलो मी. एक पॉईंट पाहिजे होता. मी चेंडू धरून उभा राहिलो. शिट्टी झाली. खालून मारला. चेंडू गेला, जाळीच्या वरच्या पट्टीला घासला आणि पलीकडं टपकन पडला. त्यांचा एकही गडी हलला नाही. आमची माणसं मैदानात घुसली, बळीराम नाचायला लागला. पण तेव्हाचा नियम असा होता की सर्व्हिस जाळीला लागली की गेली. मला ते माहीत होतं. मी हात वर केला. शिट्टी माझ्या हातानंतर झाली, आधी नाही. हे मी आजही कुणालाही सांगतो. गर्दीतून एक जण ओरडला, "फौजी, रातच्याला गावातच यायचंय ना तुला!" शेवटी सोळा-चौदानं हरलो. पण परतीच्या गाडीत सूड हा शब्द कुणी काढला नाही. मुंजाजी आमच्याच गाडीत होता, माझ्या शेजारी.

त्यानंतर अठरा-वीस वर्षांनी, एका दुपारी हा सायकल दामटत माझ्या वावरात आला. मी कापसात होतो. बांधावरूनच ओरडला, "माणिकराव, नियम बदलला! सर्व्हिस जाळीला लागून पलीकडं पडली तरी चालतीया आता!" मी म्हणालो, "मग?" तो सायकल टाकून जवळ आला, धाप लागलेली. "मग काय? तुमची ती बरोबर धरली असती आता." मी म्हणालो, "लय लवकर कळवलं." दोघं बांधावर बसून पोट धरून हसलो. तो नेहमी म्हणायचा, नियम माणसांनी केलेत, माणसं शहाणी होतेत तसे तेही होतेत. पण बदलेपर्यंत पाळायचे. आता आमच्या पटांगणात पोरीही खेळतात, आणि सगळ्या जागा फिरतात.

बळीराम निरोप घेऊन आला त्या दिवशी मी गेलो, खांदा दिला. पुढं विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. निघताना गयाबाई म्हणाली, "भाऊ, जाळी तशीच पडलीया. उंदरं कुरतडतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुंटीवरची दोरी काढली. बळीरामला हाक मारली आणि दोघं हळूहळू बौद्धवाड्यात गेलो. गयाबाईनं चहा दिला, प्यालो, जाळी घेतली. शाळेमागं गाठी मोजत मैदान आखायला आम्हा दोघा म्हाताऱ्यांना तास लागला. जाळी बांधली. मी चेंडू घेऊन मागच्या उजव्या कोपऱ्यात उभा राहिलो. बळीराम जाळीपाशी काठीवर भार देऊन उभा. मी चेंडू हातात धरूनच होतो. तो म्हणाला, "मार की रे."

मी म्हणालो, "शिट्टी होऊ दे."

बळीरामनं माझ्याकडं बघितलं. काठी बगलेत धरली, दोन बोटं तोंडात घातली आणि फुंकलं. दात नाहीत त्याला... नुसती हवा निघाली.

मी म्हणालो, "ऐकू आली." आणि खालून मारली.