भालचंद्रराव आणि नदीपलीकडचा नकाशा

तहसील कचेरीतल्या भालचंद्ररावांना दोन गोष्टी उत्तम येत. उर्दू वाचणं आणि खरं बोलणं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कचेरीत मराठी आली आणि पहिलीची किंमत संपली. दुसरीला ती कधी नव्हतीच.

अशात कचेरीतली जुनी रद्दी निघाली. तिच्यात कापडावर डकवलेला, सतरंजीएवढा नकाशा सापडला. निजामाच्या अमदानीत मोजलेली ही कुंडलिका नदीपलीकडची त्यांचीच वस्ती. घरन् घर, आड, चिंचेचं झाड, सगळं उर्दूत लिहिलेलं. साहेबांना विचारून त्यांनी तो घरी आणला आणि वस्तीचं सुख संपलं.

दर रविवारी नकाशा काखेत मारून ते निघत आणि कुणी न विचारता ज्याला त्याला त्याच्या घराचा पूर्वेतिहास सांगत. पुंजारामच्या हॉटेलाखाली बुजवलेला आड निघाला. तेव्हापासून गिऱ्हाईक आत येईना, बाहेरच्या बाकड्यावरच चहा मागू लागलं. तुळजाबाईंचं न्हाणीघर जुन्या रस्त्याच्या मधोमध निघालं. बाई म्हणाल्या, "तुमच्यामुळं अंघोळीला बसलं की अंगावरून बैलगाड्या चालल्यावानी वाटून राह्यलं." भालचंद्ररावांना ती दाद वाटली.

एकच घर त्यांनी सोडलं होतं, जगन्नाथराव वकिलांचं. आपलं घराणं फार पूर्वीपासून त्या जागेवर नांदतंय, हे वकील येताजाता ऐकवत. नकाशात त्या जागेवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, मोकाट गाढवांचा कोंडवाडा. आणि वकिलांच्या केशवशी भालचंद्ररावांच्या नीलाचं जमत आलं होतं.

"सुपारी फुटेपर्यंत तोंड उघडू नका," उमाबाईंनी नवऱ्याला बजावलं. "मंग बसा गाढवं हाकत."

सुपारी फोडायला मंडळी भालचंद्ररावांकडे जमली. पोहे झाले. वकील तक्क्याला रेलले. "काय हो, साऱ्या वस्तीला इतिहास सांगत फिरता, आमच्या वास्तूचाही सांगा की. आणा तो नकाशा. आम्हाला काही ती लिपी येत न्हाई, तुम्हीच वाचा."

या वकिलांनी निजामाच्या राज्यात वर्षानुवर्षं उर्दूतून कोर्ट गाजवलं होतं. पण पोलीस ॲक्शन झाली आणि ते एका रात्रीत उर्दू विसरले. नुसते विसरले असते तर एक वेळ ठीक होतं, आपण ती कधी शिकलोच नव्हतो असं सभांतून सांगू लागले. वस्तीत असे विसरभोळे पुष्कळ होते, त्यामुळे कुणी कुणाला आठवण करून देत नसे.

नकाशा पसरला गेला. भालचंद्ररावांचं बोट वकिलांच्या घरावर येऊन थांबलं. दारात उमाबाई उभ्या होत्या, त्यांच्या खांद्याआडून नीला बघत होती.

"इथं," ते म्हणाले, "इथं हत्तीखाना होता. सरकारी."

बैठकीत कौतुकाची कुजबूज झाली. वकिलांनी चष्मा चढवला आणि ते नकाशावर वाकले. त्यांचे डोळे उजवीकडून डावीकडे सरकले, थबकले आणि पुन्हा एकदा उजवीकडून सरकले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या भालचंद्ररावांनी पाहिल्या. आता हे खोटं पकडायचं, तर उर्दू येते हे कबूल करणं आलं.

"बिलकुल बराबर," वकील चष्मा काढत म्हणाले. "आमचे आजोबा सांगायचे. तीन हत्ती होते."

सुपारी फुटली.

लग्नाच्या पंगतीत तिनाचे पाच हत्ती झाले आणि केशवच्या मुलाच्या बारशापर्यंत अकरा, अंबाऱ्यांसकट. बारशाच्या गर्दीत पुंजारामनं विचारलं, "वकीलसाहेब, एवढे हत्ती खायचे तरी काय?"

"ते आमच्या व्याह्यांना विचार," वकील निवांतपणे म्हणाले. "नकाशात सगळं आहे."

सगळ्यांच्या माना भालचंद्ररावांकडे वळल्या.

"ऊस," ते म्हणाले. "अंबडकडून यायचा." आणि त्यांनी आणखी एक पेढा उचलला.