खानदानी आजार

परवा बारामतीत साखर तपासायला गेलो. हातावर स्पिरिटचा बोळा फिरला आणि त्या वासानं मला थेट लासुर्ण्याच्या आमच्या ओसरीवर नेऊन बसवलं.

आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, हात आपोआप उडायचे. मेंदूच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या एक बाई घरातल्या सगळ्यांचं रक्त घ्यायला आल्या होत्या. थोरले चुलते तात्या यांनी आधी शाल-श्रीफळ उरकलं. आमच्याकडे त्याशिवाय सुईसुद्धा टोचत नाहीत.

"हा आजार आनुवंशिक आहे," बाई म्हणाल्या.

"म्हंजी खानदानी!" तात्यांनी ऐटीत उलगडा केला.

"घ्या! जमिनीची वाटणी झाली, ह्याची ऱ्हायली हुती," आबा म्हणाले. आम्ही सगळे हसलो.

बहीण शालन हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिला बघायला पाहुणे येणार होते. तिनं विचारलं, "माज्यातबी आसंल का?"

"असेल किंवा नसेल. तपासलं तर कळेल."

"कळल्यावर औषध हाय?"

"अजून नाही."

शालननं वर केलेली बाही खाली ओढली. आबा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. तेव्हा मला वाटलं, थंडी वाजत असेल. आता कळतं, उद्या पाहुण्यांपुढं कसं बसायचं, याचा ते सराव करत होते.